‘हजारो वर्षांचे वैर’ ही सबब पुरे झाली : बेथलेहेमच्या नाताळाचा तारीखवार हिशेब

#थ्रेड

१/ वसईच्या अंगणांत आणि गोव्याच्या वाड्यांवर नाताळात जो गोठा उभा राहतो, त्यातले गाव आपल्या परिचयाचे असते. गवत, मेंढरे, गव्हाण आणि वर चमकणारा तारा. त्या गावाचे नाव बेथलेहेम. खरे बेथलेहेम जेरुसलेमच्या दक्षिणेस आठ-नऊ किलोमीटरवर, डोंगरमाथ्यावर वसलेले पॅलेस्टिनी शहर आहे. डिसेंबरात तिथे बोचरी थंडी असते, पाऊस असतो, आणि परिस्थितीने परवानगी दिली तर नाताळाची लगबगही असते. हा थ्रेड त्या लगबगीविषयी आहे, आणि तिच्याविषयी आपल्याकडे सहज बोलल्या जाणाऱ्या एका वाक्याविषयी आहे.

२/ ते वाक्य असे : “तिथे काय, हजारो वर्षांपासून हेच चालले आहे!” दर डिसेंबरात ते कुणीतरी उच्चारतो आणि ऐकणारा मान डोलावतो. मी त्याच्या विरोधात लिहीत आहे. हे वाक्य इतिहासाचा आव आणते आणि इतिहासाचेच दार लावून घेते. वैर अनादी ठरले की निर्णय कोणाचाच राहत नाही, जबाबदारी कोणावरच येत नाही, आणि दुःख म्हणजे जणू तिथले हवामान होऊन बसते. इतिहासाच्या अभ्यासकाचा पहिला प्रश्न ‘केव्हापासून?’ हा आहे. २४ डिसेंबरच्या एका दिवसात बेथलेहेममधून चालत जाऊ आणि प्रत्येक टप्प्यावर हा प्रश्न विचारू.

३/ दिवसाची सुरुवात मिरवणुकीने होते. जेरुसलेमचे लॅटिन (म्हणजे रोमन कॅथलिक) पॅट्रिआर्क जुन्या हेब्रोन रस्त्याने बेथलेहेमकडे निघतात. राहेलच्या कबरीपाशी आल्यावर समोर काँक्रीटची सुमारे आठ मीटर उंचीची भिंत उभी ठाकते. तिच्यातले एक पोलादी फाटक उघडले जाते, मिरवणूक आत येते आणि फाटक पुन्हा बंद होते. नाताळाच्या मिरवणुकांसारखे मोजके प्रसंग सोडले, तर ते बंदच असते. पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी आणि व्यापारी ज्या रस्त्याने बाजाराला जात-येत होते, तोच हा रस्ता. केव्हापासून बंद? या भिंतीचे काम सुरू झाले ते २००२ मध्ये. हा थ्रेड वाचणाऱ्यांपैकी अनेकांचे वय या भिंतीएवढेच असेल.

४/ भिंत का उभी राहिली, याचे इस्रायलचे उत्तर प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. २००० मध्ये पेटलेल्या दुसऱ्या इंतिफादाच्या काळात आत्मघाती हल्ल्यांत बसमध्ये, उपाहारगृहात, बाजारात शेकडो इस्रायली नागरिक मारले गेले. ती भीती खरी होती. आपल्या कोकणातून तिकडे गेलेले मराठीभाषक बेने इस्रायलीही त्याच समाजात राहतात. मात्र भिंत असावी का, हा एक प्रश्न आणि ती कोणाच्या जमिनीतून जावी, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ जुलै २००४ रोजी सल्लागारी मत दिले : व्याप्त भूमीतून काढलेला तिचा मार्ग आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरोधात आहे. इस्रायलच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी जेरुसलेमलगतच्या एका टप्प्याचा मार्ग बदलण्यास सांगितले होते. न्यायालये अनादी वैरावर निकाल देत नाहीत. ती निर्णयांवर देतात.

५/ फाटकातून आत आल्यावर मागे वळून उत्तरेकडे पाहा. समोरच्या टेकडीवर दाट इमारतींची वसाहत दिसते. अरबीत ही टेकडी जबल अबू घनैम आणि हिब्रूत हर होमा. १९९७ पर्यंत तिथे झाडी होती. त्या वर्षी बांधकाम सुरू झाले. ते शक्य झाले त्यामागे आणखी एक तारीख आहे : जून १९६७. सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने पश्चिम किनारा जिंकला आणि त्याच महिन्यात जेरुसलेमची नगरपालिका हद्द वाढवून बेथलेहेमच्या बाजूच्या जमिनी तिच्यात घेतल्या. नकाशावर रेघ ओढणारा हात विसाव्या शतकातला होता.

६/ मिरवणूक आता स्टार स्ट्रीटवर येते. दगडी घरांच्या मधून चढत जाणारा हा यात्रेचा मार्ग २०१२ मध्ये जन्मस्थान चर्चसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पुढे स्काउट पथके चालतात आणि त्यांच्या हातात असतात ढोल आणि बॅगपाइप! स्कॉटिश वाद्य अरबी गावात कसे आले? पहिल्या महायुद्धानंतर १९४८ पर्यंत इथे ब्रिटिश सत्ता होती. तिच्याबरोबर स्काउट चळवळ रुजली आणि बॅगपाइपही. सत्ता गेली, वाद्य राहिले. ‘कालातीत’ भासणाऱ्या सोहळ्याचा हा ताल शंभरएक वर्षांचा आहे, आणि त्यात कमीपणाचे काहीच नाही. परंपरा अशाच घडतात.

७/ मिरवणूक गव्हाणीच्या चौकात, म्हणजे मेंजर स्क्वेअरमध्ये पोहोचते. इथे उंच नाताळ-वृक्ष उभारला जातो. चौकाच्या एका बाजूला जन्मस्थान चर्च, दुसऱ्या बाजूला उमर मशीद. मशीद १८६० मध्ये बांधली गेली आणि तिच्यासाठी जमीन दिली ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चने. चर्चची घंटा आणि मशिदीची अजान एकाच चौकावर उतरतात. झाडावरचे दिवे लागतात तेव्हा गर्दीत मुस्लिम कुटुंबेही मुलांना खांद्यावर घेऊन उभी असतात. ज्यांना इथे ‘चिरंतन धर्मयुद्ध’ दिसते, त्यांनी या चौकाचा सातबारा आधी वाचावा.

८/ आता चर्चमध्ये जाऊ. दार जेमतेम सव्वा मीटर उंचीचे. प्रत्येकाला वाकूनच आत जावे लागते. पहिले चर्च चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात उभे राहिले आणि आजची वास्तू मुख्यतः सहाव्या शतकातील, जस्टिनियनच्या काळातली. खाली गुहेत, येशूचा जन्म झाला असे मानलेल्या जागी, चौदा टोकांचा चांदीचा तारा जमिनीत बसवलेला आहे. या वास्तूवर तीन ख्रिस्ती पंथांचा हक्क आहे : ग्रीक ऑर्थोडॉक्स, फ्रान्सिस्कनांमार्फत रोमन कॅथलिक, आणि आर्मेनियन. कोणती पायरी कोणी झाडायची आणि कोणता दिवा कोणी लावायचा, हे ऑटोमन काळातील ‘स्टेटस को’ नावाच्या व्यवस्थेने ठरलेले आहे.

९/ खरोखर जुने भांडण पाहायचे असेल, तर ते इथे आहे. २८ डिसेंबर २०११ रोजी, नाताळानंतरच्या साफसफाईत, ग्रीक आणि आर्मेनियन धर्मसेवक हद्दीवरून एकमेकांना झाडूंनी मारू लागले. सोडवायला पॅलेस्टिनी पोलीस आले. छप्पर गळत होते, तरी दुरुस्ती वर्षानुवर्षे रखडली, कारण दुरुस्ती करणे म्हणजे मालकी सांगणे! अखेर पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या पुढाकाराने २०१३ मध्ये जीर्णोद्धाराचे काम सुरू झाले. शतकांच्या वैरातही नियम लिहिता येतो आणि तो बहुतेक दिवस पाळता येतो, याचा हा पुरावा.

१०/ हेच भांडण एकदा मोठे झाले. १८४७ मध्ये गुहेतला चांदीचा तारा चोरीस गेला. लॅटिन आणि ग्रीक पंथीयांच्या आरोप-प्रत्यारोपांत फ्रान्स कॅथलिकांच्या आणि रशिया ऑर्थोडॉक्सांच्या पाठीशी उभा राहिला. सुलतानाने १८५२ मध्ये फर्मान काढून जैसे थे स्थिती कायम केली, पुढे तारा पुन्हा बसवला गेला. तरीही १८५३ मध्ये क्रिमियन युद्ध पेटलेच. त्यामागे बाल्कन होते, काळा समुद्र होता, दुबळे होत चाललेले ऑटोमन साम्राज्य होते. गुहेतला तारा हे निमित्त होते. धर्मस्थळाचा वाद रणांगणापर्यंत कोण नेतो, हे या प्रकरणातून शिकावे.

११/ संध्याकाळ झाली. एखाद्या घरात डोकावू. या शहरात नाताळ तीनदा येतो : कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांचा २५ डिसेंबरला, ऑर्थोडॉक्सांचा ७ जानेवारीला, आर्मेनियनांचा १९ जानेवारीला. हा बराचसा जुन्या आणि नव्या दिनदर्शिकेचा खेळ. त्याआधीच संत बार्बराच्या सणाला घरोघरी ‘बुर्बारा’ शिजते : गहू, साखर, बडीशेप, दालचिनी, वरून मनुका आणि बदाम. आपल्या खपली गव्हाच्या खिरीची सख्खी बहीणच. तिचे वाडगे शेजारी वाटले जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्हची तोडणी उरकलेली असते आणि नवे तेल घरात आलेले असते. संकटग्रस्त शहरातही वर्षाचा क्रम ठरतो तो असा : तेल, गहू, मग नाताळ.

१२/ पण पोट भरते कशावर? कित्येक पिढ्या इथले कारागीर ऑलिव्हच्या लाकडातून गव्हाणीचे देखावे कोरतात आणि शिंपल्यातून क्रूस घडवतात. गिऱ्हाईक म्हणजे यात्रेकरू. आता यात्रेची रीत पाहा : बस जेरुसलेमहून येते, यात्रेकरू चर्च पाहतात, एखाद्या दुकानात थांबतात आणि दोन-तीन तासांत परततात. मुक्काम, जेवण आणि त्यांचा बहुतांश पैसा भिंतीपलीकडे राहतो. दुसरा आधार म्हणजे इस्रायलमधील मजुरी. त्यासाठी परवाना लागतो आणि पहाटे अंधारात तपासणी नाक्यावर रांग लावावी लागते. ऑक्टोबर २०२३ नंतर हे परवाने थांबवले गेले आणि यात्रेकरूही येईनासे झाले. दोन्ही आधार एकदमच तुटले.

१३/ आता दुसऱ्या लाडक्या वाक्याकडे वळू : “मुस्लिमांनी ख्रिस्ती लोकांना हाकलले, म्हणून बेथलेहेम रिकामे झाले.” ख्रिस्ती लोकसंख्येचा वाटा घटला, हे निर्विवाद आहे. १९२२ च्या ब्रिटिश जनगणनेत शहराची वस्ती साडेसहा हजारांच्या घरात होती आणि तिच्यातले दहांपैकी आठांहून अधिक ख्रिस्ती होते. आज ते त्या शहरात अल्पसंख्य आहेत. पण ‘केव्हापासून?’ हा प्रश्न इथेही विचारा. उत्तर एका खलनायकावर थांबत नाही.

१४/ स्थलांतर ऑटोमन काळातच सुरू झाले. बेथलेहेमचे व्यापारी शिंपल्याच्या वस्तू घेऊन जगभर फिरत. ज्या १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, त्या प्रदर्शनातही ते होते. १९०९ मध्ये ऑटोमन सरकारने बिगर-मुस्लिमांनाही लष्करभरती सक्तीची केली, तेव्हा तरुण मुलांना बाहेर पाठवण्याचा ओघ वाढला. चिलीमध्ये आज अरब जगाबाहेरचा सर्वांत मोठा पॅलेस्टिनी समाज आहे आणि त्यातले बहुसंख्य बेथलेहेम, बेत जाला आणि बेत साहूर या तीन शेजारी गावांतल्या ख्रिस्ती घराण्यांचे वंशज. सँतियागोतील ‘पॅलेस्टिनो’ हा फुटबॉल क्लब १९२० चा. इस्रायल राष्ट्र जन्मायला तेव्हा अठ्ठावीस वर्षे अवकाश होता.

१५/ मग आले १९४८. त्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी निर्वासित झाले आणि त्यांतले हजारो बेथलेहेमच्या आसऱ्याला आले. धैशे छावणी १९४९ ची. आयदा आणि बेत जिब्रीन १९५० च्या. तंबूंच्या जागी पुढे काँक्रीटची दाट वस्ती झाली. आयदाच्या कमानीवर आजही एक भलीमोठी चावी आहे, सोडाव्या लागलेल्या घरांची खूण म्हणून. निर्वासितांत बहुसंख्य मुस्लिम होते. शहराचे गणित बदलले त्याचे हे एक मोठे कारण. नातलग आधीच परदेशी असणे, शिक्षण, लहान कुटुंबे, आणि व्याप्तीखाली गुदमरलेला रोजगार ही बाकीची कारणे.

१६/ म्हणून काय शहरात सारे आलबेल आहे? मुळीच नाही. जमिनी बळकावल्याच्या, गुंडगिरीच्या आणि पोलीस दुर्लक्ष करतात अशा तक्रारी ख्रिस्ती कुटुंबांनी केल्या आहेत. त्या झाकून ठेवणे हाही इतिहासाशी अप्रामाणिकपणाच. दुसऱ्या इंतिफादात पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांनी बेत जालातील घरांच्या आडून समोरच्या गिलो वस्तीवर गोळीबार केला आणि प्रत्युत्तराची किंमत त्या घरांनी मोजली. पण बेथलेहेमचा महापौर ख्रिस्तीच असावा, हा दंडकही तिथेच पाळला जातो. २०१२ मध्ये व्हेरा बाबून या पहिल्या महिला महापौर झाल्या. एकाच कारणाचा इतिहास विकणाऱ्याकडून इतिहास घेऊ नये, मग तो आपल्या आवडीच्या बाजूचा का असेना.

१७/ शेजारच्या बेत साहूरची गोष्ट तर आपल्याला विशेष कळावी. लोकपरंपरा सांगते की देवदूताने मेंढपाळांना वार्ता दिली ती इथल्या शेतात. पहिल्या इंतिफादात, १९८८-८९ मध्ये, बहुसंख्य ख्रिस्ती वस्तीच्या या गावाने व्याप्त सत्तेला कर देणे नाकारले. दूध स्वतःचे असावे म्हणून अठरा गायी विकत आणल्या; लष्कराने त्याही धोकादायक ठरवल्या आणि गावकऱ्यांनी त्या लपवल्या. १९८९ च्या शरद ऋतूत गाव सुमारे सहा आठवडे वेढले गेले आणि घरादारांतले सामान, दुकानांतला माल करापोटी जप्त झाला. बार्डोलीचा साराबंदी लढा शिकलेल्या आपल्याला यातले प्रत्येक पाऊल ओळखीचे वाटेल. मग ‘ते लोक फक्त हिंसाच जाणतात’ हे आपण कशाच्या आधारे म्हणतो?

१८/ रात्र झाली. मध्यरात्रीची प्रार्थना जन्मस्थान चर्चला लागून असलेल्या संत कॅथरिनच्या चर्चमध्ये होते. २१ डिसेंबर १९९५ रोजी, ओस्लो करारांनुसार, इस्रायली सैन्य शहरातून बाहेर पडले आणि तीन दिवसांनी यासर अराफत या प्रार्थनेस उपस्थित होते. चौक आनंदाने ओसंडला. सहा वर्षांनी, २००१ च्या नाताळात, इस्रायलने त्यांना रामल्लाहून येऊ दिले नाही. पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची रिकामी राहिली आणि तिच्यावर त्यांचा चौकटींचा रुमाल ठेवला गेला. भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची यांत अंतर सहा वर्षांचे. हजारांचे नव्हे.

१९/ सव्वातीन महिन्यांतच चर्चच वेढ्यात सापडले. २ एप्रिल २००२ रोजी इस्रायली सैन्य शहरात शिरले तेव्हा सशस्त्र पॅलेस्टिनींनी चर्चचा आश्रय घेतला. त्यांच्यासह नागरिक आणि धर्मसेवक असे सुमारे दोनशे लोक आत होते. वेढा १० मेपर्यंत, ३९ दिवस चालला. आत अन्न संपत गेले. चर्चचा घंटा वाजवणारा सेवक गोळी लागून मेला. अखेर वाटाघाटी झाल्या : १३ जणांना युरोपात आणि २६ जणांना गाझात पाठवायचे ठरले. हा प्रसंगही कोणत्याही भविष्यवाणीने घडवला नाही आणि कोणत्याही चमत्काराने मिटवला नाही. माणसांनी घडवला, माणसांनीच टेबलाशी बसून संपवला.

२०/ २०२३ चा नाताळ. ७ ऑक्टोबरला हमासच्या नेतृत्वाखालील हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० लोक मारले गेले आणि सुमारे अडीचशे ओलीस नेले गेले. नंतरच्या इस्रायली कारवाईत नाताळापर्यंत गाझात वीस हजारांहून अधिक मृत्यू झाल्याचे तिथल्या आरोग्य खात्याने सांगितले. बेथलेहेमने उत्सव रद्द केला : झाड नाही, रोषणाई नाही, वाद्ये मुकी. शहरातल्या लुथरन चर्चमध्ये गव्हाणीच्या जागी सिमेंटचे ढिगारे मांडले आणि त्यांत रुमालात गुंडाळलेली बाळ येशूची मूर्ती ठेवली. प्रार्थना मात्र झाल्या. २०२४ सालीही चौक अंधारातच राहिला. २०२५ च्या डिसेंबरात झाड पुन्हा उजळले.

२१/ कुणी म्हणेल, “पण दोन्ही बाजू प्राचीन ग्रंथांचेच दाखले देतात!” देतात, श्रद्धा जुन्या आहेत आणि त्यांचे बळही खरे आहे. परंतु ग्रंथ परवाना देत नाही आणि नाकारत नाही. ग्रंथ रस्त्यावर फाटक बसवत नाही, बसमध्ये बॉम्ब ठेवत नाही, गायी जप्त करत नाही. हे सारे माणसे करतात, आदेशाने किंवा इराद्याने, एका विशिष्ट तारखेला. आपण ती तारीख पुसून तिथे ‘अनादी काळ’ लिहिले, तर आपण तटस्थ राहत नाही. आपण करणाऱ्याला सोडून देतो, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

२२/ आणि आणखी एक नुकसान होते. जे अनादी, ते अनंतही वाटते. तसे वाटू लागले की बेथलेहेममधल्या लाकूड कोरणाऱ्या बापाने मुलाला धंद्यात ठेवायचे की चिलीला धाडायचे, हा प्रश्न आपल्याला दिसतच नाही. आपल्याला फक्त गोठ्यातला कागदी तारा दिसतो. जे १९६७ मध्ये, १९९७ मध्ये, २००२ मध्ये ठरवले गेले, ते वेगळे ठरवता आले असते. म्हणून पुढेही वेगळे ठरवता येईल. इतिहास वाचण्याचा हा साधा पण मोठा लाभ आहे.

२३/ तेव्हा मित्रहो, यंदाच्या नाताळात कुणी “तिथे हजारो वर्षांपासून हेच चालले आहे” असे म्हणाले, तर वाद घालू नका. शांतपणे विचारा : “भिंत केव्हापासून? परवाना केव्हापासून? छावणी केव्हापासून? फुटबॉल क्लब केव्हापासून?” चार तारखा समोर ठेवा. त्यानंतर बाजू कोणतीही घ्या. पण ती तारखांनिशी घ्या.

थ्रेड समाप्त. एखादी तारीख चुकलेली आढळली, तर पुराव्यासह खाली लिहा. दुरुस्ती आनंदाने करीन.